बिअरची बादली आणि पुण्याची दुलई

वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिअर करायची म्हणजे उकाड्याशी भांडायचं. मी वीस लिटरची बादली पाण्याच्या टबात ठेवायचे, तिला ओला टॉवेल गुंडाळायचे, पंखा लावायचे आणि ऑफिसच्या आधी नि नंतर टबात बर्फ झालेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टाकायचे. यीस्टला वीस अंश बरे वाटतात, सिंगापूरला तीस.

त्या जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या अंकलनी चिनी नववर्षाच्या घरच्या जेवणासाठी माझी बिअर मागितली होती. ते सेम्बावांगच्या गोदीतले निवृत्त वेल्डर. बिअर करायला मला त्यांनीच शिकवलं. आता गुडघ्यांमुळे त्यांना बादली उचलवत नव्हती. मुलांना त्यांनी इथल्या पद्धतीने शेवटी 'लाह' जोडून सांगून टाकलं होतं, "विकतची आणू नका. वरची आंटी करतेय. तुमच्यापेक्षा भरवशाची लाह."

बादली भरली आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागून राहिला. बाहेर बावीस अंश. एमआरटी मेट्रोत लोक जाकिटं घालून बसलेले. मी बाटल्या टाकत राहिले. सवय.

तिसऱ्या दिवशी बादलीवर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर एकही आकडा उजळेना. पट्टी भिजून बिघडली, असं मी ठरवलं. तिच्यावरचा सर्वात खालचा आकडा अठरा होता. त्याच्याही खाली जाता येतं हे इतक्या वर्षांत डोक्यात यायचं कारण नव्हतं. चौथ्या दिवशी झाकणावरच्या नळीतले बुडबुडे थांबले.

शनिवारी सकाळी नवरा पातेलं घेऊन आला. घरी दही तोच लावतो.

"लागलं नाही. दूधच आहे."

"विरजण कमी घातलं असशील."

"बारा वर्षं तेवढंच घालतोय. गारठा आहे, बाई."

मी जाऊन बादलीला हात लावला. गारढोण.

"आई, यू किल्ड अंकल्स बिअर," मुलगी सोफ्यावरून म्हणाली.

"मेली नाही, झोपली असेल. ऊठ, टब ओढ."

टब, टॉवेल, पंखा सगळं काढलं. गार करायचं सामान घरात भरपूर होतं, ऊब द्यायचं काहीच नव्हतं. शेवटी पुण्याहून आणून बॅगेतच ठेवलेली दुलई काढून बादलीला गुंडाळली. तळाला बसलेलं यीस्ट उठावं म्हणून बादली आधी हलकेच घोळवली. नवऱ्याने दह्याचं पातेलंही त्याच दुलईत सरकवलं. दही संध्याकाळी लागलं. बुडबुडे सोमवारी आले.

सगळं आठवडाभर लांबलं. बाटल्यांत बिअर मुरायला दिवस कमी पडले. जेवणाच्या दिवशी सकाळी अंकलनी माझ्यासमोर एक बाटली फोडली नि घोट घेतला.

"गॅस कमी."

"उशीर झाला. चूक माझी."

"बिअर आहे पण. चालेल." मग स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "फ्रिजमध्ये मासे, कोंबड्या. हिला जागा नाही लाह."

मी वर गेले आणि टब नि बर्फाच्या बाटल्या घेऊन खाली आले. बाहेर तेहतीस अंश होते.