गच्चीतला माझा वाटा

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत सोळा घरं आहेत. मी पहिल्या मजल्यावर राहतो. सर्वांत वरच्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात. वृत्तपत्रात ऊर्जा आणि पर्यावरण हे विषय अनेक वर्षं माझ्याकडे होते. छपरावरच्या सौर पॅनेलांबद्दल आणि त्यांच्या नियमांबद्दल मी पुष्कळ लिहिलं. घरी मात्र काहीच बसवलं नाही.

सरांनी स्वतःच्या घरासाठी गच्चीवर पॅनेल बसवायची परवानगी मागितली. सगळं घर त्यावर चालावं, एवढी त्यांची इच्छा होती. अर्जाला माझ्याच एका लेखाचं कात्रण जोडलं होतं, काही ओळींखाली लाल शाईने रेघा मारून.

"तुमचं वाचूनच मनावर घेतलं हो," ते जिन्यात म्हणाले. "एवढं सगळं माहीत असून तुम्ही कसे थांबलात?"

विचारण्यात खोच नव्हती. असती तर सोपं गेलं असतं. त्या संध्याकाळी मी तो अर्ज तीनदा वाचला. उपसंपादक प्रतिस्पर्धी वृत्तपत्राची बातमी वाचतो, तसा. फट सापडली.

सभा पार्किंगमध्ये होती. गणसंख्या नव्हती, म्हणून ती अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच माणसांनिशी, त्याच खुर्च्यांवर सुरू झाली. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते आले नव्हते. मी उभा राहिलो. इमारतीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही, म्हणजे कागदोपत्री गच्ची अजून बिल्डरचीच आहे. मग परवानगी देणारी सोसायटी कोण?

"अहो, म्हणजे उद्यापासून पापडही बिल्डरला विचारून वाळत घालायचे का?" सेक्रेटरी म्हणाले. लोक हसले, पण घाबरलेही. वकिलाचं मत घ्यायचं ठरलं. अर्ज थांबला.

पत्रकार म्हणून इतिवृत्त लिहायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच होतं. मी लिहिलं, 'गच्चीच्या मालकीबाबत सभेत शंका उपस्थित करण्यात आली.' अशी वाक्यं मी आयुष्यभर लिहिली होती.

चार दिवसांनी सर काळा चष्मा लावून दारात उभे राहिले. हातात इतिवृत्ताची प्रत होती.

"ही शंका कोणाची?"

"माझी."

आत बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला.

"छान. रास्त शंका आहे," सर म्हणाले. "मी समोर असताना काढली असतीत, तर मला उत्तरही देता आलं असतं." चहाला थांबले नाहीत.

वकिलाचं मत यायला तीन महिने लागले. सोसायटी परवानगी देऊ शकते, मात्र गच्ची सगळ्यांची असल्याने प्रत्येकाला फक्त आपल्या हिश्शापुरतीच, असं ते मत होतं. सरांनीच टेप धरून गच्चीचे सोळा चौकोन आखले. वॉचमनने पिवळ्या ऑइलपेंटने रेघा ओढल्या. कोणता चौकोन कोणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. सरांच्या घरापुरती पॅनेलं बसायला सलग तीन चौकोन हवे होते. एक त्यांचा स्वतःचा. एक सोडून पलीकडचा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा. त्यांनी जिन्यातच संमतीपत्रावर सही केली. मधला माझा.

सर टाइप केलेलं संमतीपत्र घेऊन आले. पेनही त्यांनी आणलं होतं.

"तुम्ही बसवणार असाल, तर प्रश्नच नाही. नसाल, तर सही करा."

"बसवणार आहे," मी म्हणालो. तोपर्यंत तसा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

त्यांनी पेन खिशाला लावलं. दोन महिने थांबले, मग होत्या त्या दोन चौकोनांवर पॅनेलं बसवून घेतली. त्यांचे दिवे, पंखे, फ्रिज त्यावर चालतात. गीझर आणि उन्हाळ्यातला एसी अजून बाहेरच्या विजेवर. सोसायटीच्या ग्रुपवर ते रोज मीटरचा फोटो टाकतात, खाली अंगठे येतात. अंगठा मीही देतो. पण आधी आकडा पाहतो, आणि ढगाळ दिवशी तो खाली आला की बरं वाटतं.

मी तीन कंपन्यांकडून दर मागवले. तिन्ही कागद टेबलावर आहेत. बसवलं, तर सरांचं पाहून बसवलं असं होईल. सही दिली, तर त्यांचं घर पुरं होईल. दोन्ही मला नको आहे.

गेल्या महिन्यात सर गेटपाशी भेटले.

"काय, कधी लागतायत पॅनेलं?"

"चौकशी चालू आहे."

"चालू द्या, चालू द्या. घाई कसली? मी अजून एकोणऐंशीचाच आहे."

त्या रविवारी मी गच्चीवर गेलो. दोन्हीकडे पॅनेलं, मध्ये माझा चौकोन. त्यात कबुतरांनी घाण केली होती. ती झाडून काढली, पाणी टाकलं आणि खाली आलो. सही अजून केलेली नाही.