कोकिळा मुकादम आणि ‘कट डाउन’

केळीचे घड कापणाऱ्या टोळीची बाई मुकादम आमच्या चोपडा तालुक्यात मी एकच पाहिली, कोकिळा. कुठला घड भरला, हे ती लांबूनच ओळखते. इंग्रजी मात्र तिचं दहावीपुरतं, आणि निर्यातवाल्यांचा मॅनेजर स्वप्नील मोबाइलवर इंग्रजीतच लिहितो. का, ते त्यालाच ठाऊक. आई-बाप दोघंही आपल्याच जिल्ह्यातल्या पहूरचे.

मागच्या मंगळवारी त्याचा मेसेज आला, ‘कट डाउन द थर्सडे लॉट.’ म्हणजे गुरुवारचा माल कमी करा. कोकिळाने वाचलं ते असं : कट म्हणजे कापा, डाउन म्हणजे खाली उतरवा. घडाचं दुसरं करतात तरी काय? संध्याकाळपर्यंत गुरुवारची अख्खी बाग कापून मोकळी. आता कापलेला घड काही झाडाला परत चिकटत नाही.

“पुन्हा एक चूक झाली, की मुकादमकी टोळीतल्या दीपककडे,” स्वप्नीलने बजावलं. तेव्हा ती माझ्याकडे आली. इंग्रजी शिकवायचं सोडून मला बारा वर्षं झाली, तरी अशी माणसं दार वाजवतातच. मी तिला शंभर क्रियापदांची यादी दिली. दुसऱ्या दिवशी तिने ती परत आणली.

“मॅडम, एकेका शब्दाला पाच-पाच अर्थ. हे पाठ करू, का घड कापू?”

“मग बस दीपकच्या हाताखाली. चहा घे आधी, भूक लागली असेल.”

कप तोंडाशी नेता नेता ती थांबली. “भूक लागली. येताना ठेच लागली. भाच्याला नोकरी लागली. सकाळी त्या दीपकच्या तोंडी लागले. बठ्ठं, सगळं ‘लागणं’च शे ना, मॅडम? त्याची यादी कोणी पाठ केली? शब्दाच्या शेजारी कोण बसलंय, तेवढं बघायचं.”

चाळीस वर्षं शिकवलं, पण हे उदाहरण मला सुचलं नाही. रागच आला. यादी फाडून टाकली.

शुक्रवारी दुपारी ती फोन घेऊन दारात उभी. ‘टेक ऑफ द ब्लू स्टिकर्स. ट्रक टेक्स ऑफ ॲट फोर. टेक सॅटरडे ऑफ.’ मी तोंड उघडणार, तर तिने हात वर केला.

“स्टिकर शेजारी आहे, म्हणजे काढा. ट्रक शेजारी आहे, म्हणजे चारला सुटणार. शनिवार...” इथे ती अडली. हे चुकलं तर मुकादमकी गेलीच. “शनिवार काही घडाला चिकटलेला नाही, आणि त्याला चाकंही नाहीत. सुट्टी शे.”

“मग इथे काय करतेस? जा.”

साडेचारला स्वप्नीलने तिला फोन केला. ते बोलणं तिने मला नंतर दोनदा ऐकवलं.

“काय झालं, कोकिळाताई?”

“स्टिकर निघाले, ट्रक निघाला, आता आम्ही बी निघालो.”

“काही अडलं नाही?”

“भाऊ, तुम्ही मराठीत लिहिलं असतं, तरी शब्द एकच पुरला असता.”

सोमवारची बाग त्याने तिलाच दिली. मेसेज मराठीत होता. शुद्धलेखनाच्या चार चुका.