कमलच्या एकवीस फेऱ्या

बायांनो, आज मारुतीच्या देवळात माझ्याकडनं घोळ झाला.

शेजारची कमल लेकीची सोयरीक जमावी म्हणून एकवीस फेऱ्या मारत होती. भित्री लई. आकडा चुकला की पुन्हा एकपासनं सुरू. तीनदा चुकली.

मला कुठला दम? म्हणलं, "तू नुसती चाल, मोजते मी."

एकोणिसालाच ओरडले, "झाल्या एकवीस! चल, चिकलठाण्याची बस सुटंल."

"नक्की ना गं?"

"व्हय बाई! देव काय बोटं मोजत बसलाय?"

कमल खुशीत घरी गेली. उद्या पाहुणे पोरगी बघायला येणार, अन् मी इथं बोटांवर पुन्हा पुन्हा एकोणीसच मोजतेय. सोयरीक मोडली तर? मला वाटायचं, देवाला तीच भिते, मी नाय.

सकाळी राहिलेल्या दोन फेऱ्या मीच मारते. तिच्या नावानं चालतील का? खरं सांगा, उगं गोड बोलू नका.