भवानी होईपर्यंत

जालन्यात बसस्टँडजवळच्या कापड दुकानात ती कामाला आहे. साधा टॉवेलही ती दोन्ही हातांनी उचलते आणि बोलणं ‘बराबर’ म्हणून संपवते.

दिवाळीनंतर गिऱ्हाईक घटलं, तशी मालकाने तिला तासाच्या पगारावर ठेवलं. सकाळी यायचं, दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, करायची आणि घरी जायचं. तिच्या हातची भवानी लाभते, असं तो मानतो.

परवा दुकान उघडताच मी पांढरा टॉवेल मागितला. मालक गल्ल्यावर फोनवर बोलत होता. तिने टॉवेल उजेडात धरला.

"भाऊ, ह्याचा रंग जातो. दुपारून या, बराबर."

"पांढऱ्याचा कसला रंग, ताई?"

ती टॉवेलची घडी घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "भवानी झाली की मला जावं लागतं. आत्ताच तर आल्ते."

मी पाकीट परत खिशात ठेवलं.

दुपारी गेलो तेव्हा अजून भवानी झाली नाही म्हणून मालक दारात दुसऱ्यांदा उदबत्ती ओवाळत होता. तिने तोच टॉवेल बांधून माझ्या हातात दिला.

"घ्या भाऊ. आता न्हाई जात रंग, बराबर."