टाकी फुल ते टाकी फुल

आपली गाडी लिटरला किती चालते, असं बायकोने एका सकाळी विचारलं आणि मी चहाचा कप तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. तिला हायब्रीड गाडी घ्यायची होती. नागपूरच्या तिच्या भावाने घेतली होती. तो फोनवर सांगायचा, शहरात रेंगाळत चालवली की ती बॅटरीवर चालते, ब्रेक मारला की आपली आपण चार्ज होते, पेट्रोल निम्म्यावर येतं.

पण तिला गाडीचं कौतुक नव्हतं. बाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, तेव्हा तिने शाळेतली नोकरी सोडली होती. आता तीच शाळा नव्या सत्रापासून तिला परत बोलावत होती. दिवसा बाबांजवळ बाई ठेवली तरच ते जमणार होतं, आणि बाईच्या पगाराइतके पैसे महिन्याला उरत नव्हते, कारण आमच्या घरात पेट्रोलच फार लागत होतं. नोकरीच्या वर्षांत तिने बँकेत एक ठेव ठेवली होती. ती मोडून, जुनी गाडी देऊन, हायब्रीड घ्यायची. जे पेट्रोल वाचेल त्यात बाई ठेवायची.

"ठेव एकदाच जाईन," ती म्हणाली, "बाई दर महिन्याले राहीन. मले शाळेत जायचं आहे. बस."

पेट्रोल इतकं का लागतं, हे तिला कळत नव्हतं. मला माहीत होतं.

मी पोलादाच्या प्लांटमध्ये जनरल शिफ्टला आहे. आमचं क्वार्टर मरोद्याला. सुटी झाली की सरळ घरी यायला फार वेळ लागत नाही. मी मात्र दोन-दोन तास उशिरा यायचो. घरी सांगायचो, शटडाऊन चालू आहे, साहेबाने मीटिंग लावली. खरं म्हणजे मी घराच्या उलट बाजूला, खुर्सीपारवरून जामुलच्या रस्त्याला लागायचो. सिमेंटच्या ट्रकांची रांग असते तिथे कडेला गाडी लावायचो. काचा बंद, इंजिन चालू, एसी चालू. कोणाला भेटायचो नाही. दारू नाही, दुसरी बाई नाही. तसलं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

मला घरी जायचं नसायचं, एवढंच. पहिल्या महिन्यात एकदा बायको बाजारात गेलेली असताना बाबांचे कपडे घाण झाले. मी बादली आणली, फडकं भिजवलं, आणि त्यांच्या अंगाला हात लावता लावता मला उलटी आली. मी बाहेर नळावर जाऊन उभा राहिलो. ती येईपर्यंत ते तसेच पडून होते. त्यांना सगळं कळत होतं; त्यांची मान भिंतीकडे होती. त्यानंतर मी संध्याकाळचा त्या खोलीत गेलो तर दारातूनच विचारायचो, "बाबा, बरं आहे ना?" ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला.

ट्रकांच्या कडेला बसून मी काय विचार करायचो, तेही आता सांगतो. एखाद्या दिवशी घरी जाईन आणि सगळं आटोपलेलं असेल, असं मला वाटायचं. मग मीच घाबरून गाडी वळवायचो. आमच्या गल्लीत शिरायचो, खिडकीतला लाइट बघायचो, आणि कित्येकदा न थांबता पुढे निघून जायचो. अजून एक चक्कर.

बायकोने भावाला विचारून खरं अ‍ॅव्हरेज काढायची रीत शिकून घेतली. टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, नेहमीसारखी गाडी चालवायची, आणि पुन्हा काठोकाठ भरायची. जितकं पेट्रोल मावलं तितकं जळलं. ती स्वतः पंपावर आली, मीटर शून्य करून बघितला आणि म्हणाली, "आता याले हात नका लावजा."

मला त्या दहा दिवसांत सरळ घरी येता आलं असतं. आज ते इतकं सोपं वाटतं. मी दोन दिवस आलोही. तिसऱ्या दिवशी गेटबाहेर पडलो आणि गाडी आपसूक जामुलकडे लागली. मग आकडा वाढू लागला. प्लांट, घर आणि भाजीबाजार एवढ्यात इतके किलोमीटर होणं शक्य नव्हतं. मी एके संध्याकाळी, ट्रकांच्या त्या रांगेशेजारी, मीटरचं बटण दाबून तो पुन्हा शून्य केला. वाटलं, सुटलो.

मीटर शून्य करता येतो, टाकी नाही, हे पंपावर कळलं. पेट्रोल मावतच गेलं, मावतच गेलं. बायकोने मोबाईलवर भागाकार केला, पुन्हा केला.

"सात? लिटरले सात? गाडी आहे का ट्रक आहे हा?"

"जुनी झाली," मी म्हणालो.

"मेकॅनिकले दाखवा."

मेकॅनिकला दाखवल्यावर त्याने सांगितलं, इंजिन एकदम ठीक आहे. मी घरी सांगितलं, इंजिन झिजलंय. झालं. माझ्या एका बटणाने हायब्रीडची बाजू पक्की झाली. बायकोने बँकेतून ठेव मोडण्याचा कागद आणला, आणि शाळेत सांगून आली की येते. मी रोज ठरवायचो, आज सांगीन. सांगायचं तर बटणापासून सुरू करावं लागलं असतं, आणि बटणाच्या मागे जामुलचा रस्ता होता, आणि रस्त्याच्या मागे ती बादली. एक गोष्ट सांगून भागणार नव्हतं.

रविवारी शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून आम्ही सुपेल्याच्या पुढच्या एका शोरूमला गेलो. तिथला सेल्समन पोक्त माणूस होता, घाई न करणारा.

"डेली रनिंग कितना है, सर?"

माझ्याआधी बायको म्हणाली, "पंद्रह किलोमीटर. सब मिला के."

तो हसला. "मैडम, मैं बेचने बैठा हूँ, फिर भी बोल रहा हूँ. पंद्रह किलोमीटर में हाइब्रिड का पैसा कब वसूल होगा? जो ऊपर का दाम दे रहे हो, वो निकलते-निकलते गाड़ी बूढ़ी हो जाएगी."

"पर हमारी वाली सात देती है."

"सात?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, कहीं खड़ी करके चालू तो नहीं छोड़ते?"

"इनको कहाँ टाइम है," बायकोच म्हणाली. "सीधा प्लांट, सीधा घर."

आम्ही गाडी चालवून बघायला निघालो. मी स्टिअरिंगवर, ती बाजूला, तो मागे. गाडी निघाली ते कळलंच नाही. आवाजच नाही. शोरूमच्या फाटकातून रस्त्यावर आलो तरी नुसती टायरची सरसर. बायको आधी खुश झाली. मग जरा वेळाने हळूच, मराठीत म्हणाली, "पण ही आली तर बाबाले समजनच नाही."

"काय?"

"तुमी आले ते. तुमची गाडी गल्लीत आली का ते डावं बोट वर करते. मी दार उघडाले उठतो. कुकरच्या शिटीत मले आयकू नाही येत, त्याईले येते."

बाबांची सगळी नोकरी कोक ओव्हनवर, म्हणजे प्लांटच्या कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर गेली. तिथे भट्टीच्या माथ्यावर कोळसा भरणारी गाडी रुळांवरून फिरत असते. धुरात दिसत नाही, तेव्हा ती कुठून येते हे कानांनी ओळखावं लागतं. नाही ओळखलं तर माणूस जातो.

"मधात मधात चुकते त्याईचं," ती पुढे बोलत होती. "बोट वर करते, मी दार उघडतो, तर कोणी नाही. मंग बराच वेळ बोट तसंच वर धरून ठेवते. मी म्हनतो, बाबा, तो नव्हे, दुसरी गाडी होती. तरी नाही खाली करत."

मी गाडी कडेला घेतली. सेल्समनने विचारलं, "क्या हुआ सर?" मी म्हणालो, काही नाही, परत जाऊ.

आमच्या जुन्या गाडीत बसल्यावर मी तिला सांगितलं. बटणापासून सुरू केलं आणि बादलीपर्यंत आलो. ट्रकांच्या रांगेत काय वाटायचं तेही. तिच्या मांडीवर त्या शोरूमचं रंगीत पत्रक होतं. ती रडली नाही, भांडली नाही. मरोद्याचा तलाव दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "म्हंजे बाबा बरोबर होते. मीच त्याईले खोटं सांगून राहिली होती."

मग ते पत्रक दुमडत, "हायब्रीड कावून पाहिजे मंग? तुमी सिधे घरी आले तरी निंगते बाईचा पगार."

दारात काकू उभ्याच होत्या. "अरे, आले का? हे कधीचे बोट वर करून बसले आहेत." त्या गेल्यावर, बाबांचे कपडे घाण झालेले पाहून, बायकोने न्हाणीतून बादली आणली, फडकं आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. मला पुन्हा उमळलं. या वेळी नळावर गेलो नाही. बाबांची मान भिंतीकडेच होती. मी कसंबसं केलं. वाईटच केलं, चादरही भिजवली.

ठेव बँकेतच आहे. दिवसा बाई येते, बायको शाळेत जाते. बाई संध्याकाळी निघते, तेव्हापासून बायकोच्या वह्या तपासून होईपर्यंत बाबा माझे. सांगून टाकलं म्हणजे मोकळं वाटतं, असं म्हणतात. मला तसं वाटलेलं नाही. वासाची सवय झाली नाही, आणि ट्रकांच्या कडेला जो विचार यायचा तो आता त्यांच्या उशाशी बसूनही येतो.

अजूनही कधी कधी गल्लीच्या तोंडाशी आलो की पाय ब्रेकवर जातो. पुढे निघून जावंसं वाटतं. इंजिन चालू असतं. आत त्यांनी ते ऐकलेलं असतं, बोट वर झालेलं असतं, आणि मी आत जाईपर्यंत ते खाली येणार नसतं.