तीन मिनिटं आणि सात मान्यवर

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा नागपुरात चौदा एप्रिलपासून नळाच्या पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर पत्रक काढत, आणि मी वाचायला शिकले तीच 'जाहीर आवाहन' या शब्दांवर. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात एमएस करताना, आमच्या काऊंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नेमलेल्या मंडळांवर तीच माणसं वीस-वीस वर्षं बसून आहेत असं कळलं, तेव्हा माझी थर्मोडायनॅमिक्सची वही बंद झाली ती झालीच.

कळलं काकूंकडून. काकू मूळच्या अमरावतीच्या, इथे एका वृद्धाश्रमात नर्स. आम्हा विद्यार्थ्यांना रविवारी जेवायला बोलवायच्या. ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी काऊंटीभर फिरे, पण वृद्धाश्रमासमोरून न थांबता निघून जाई. काकूंचे म्हातारे खिडकीतून तिच्याकडे बघत बसत. गाडीने कुठे थांबायचं हे ठरवणार ग्रंथालय मंडळ. म्हणून अमेरिकन नागरिक झाल्याबरोबर काकूंनी मंडळावर अर्ज केला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच पत्र आलं: सध्या जागा रिक्त नाही. सातही सभासदांची मुदत संपली की त्यांनाच पुन्हा नेमत.

"वाईट नाहीये गं कोणी," काकू भाजी वाढत म्हणाल्या. "फक्त उठत नाहीत."

त्याच हिवाळ्यात काऊंटीच्या तीन निवडून आलेल्या कमिशनरांपुढे प्रस्ताव आला: नेमलेल्या सभासदाला, मागची वर्षंही धरून, चार-चार वर्षांच्या दोन टर्म, मग जागा सोडायची. आधी सुनावणी, मग लगेच मतदान. मी बोलायचं ठरवलं.

"यार, तुला इथे व्होट पण नाही," माझी पुण्याची रूममेट म्हणाली.

"राहते तर इथेच ना?"

"स्टुडंट व्हिसावर राहतेस. ते लोक तुला डिपोर्ट करतील आणि मला एकटीला रेंट भरावं लागेल."

मी काऊंटीच्या ऑफिसात जाऊन विचारून आले. इथे राहणारा कोणीही बोलू शकतो, फक्त तीन मिनिटांत. रूममेटने तोंड वाकडं केलं आणि सुनावणीच्या दिवशी स्वतःच ड्राइव्ह करून मला आणि काकूंना घेऊन गेली.

भाषण चोख तयार होतं. पाच मुद्दे, शेवटी आवाहन. पण आमच्याकडे भाषणाची एक रीत आहे. आधी सन्माननीय अध्यक्ष, मग मान्यवर, एकेकाचं नाव आणि कार्य सांगून. त्याशिवाय मुद्द्यावर येणारा माणूस उद्धट. मंडळाचे सातही सभासद पहिल्या रांगेत बसलेले. मी ऑफिसातून त्यांची नावं आणि नेमणुकीची वर्षं उतरवून आणली होती. माइकसमोर वेळ मोजणारा हिरवा दिवा लागला. मी तिन्ही कमिशनरांना वंदन केलं आणि रांगेकडे वळले.

"आदरणीय अध्यक्षबाई, आपण एकोणीस वर्षं ग्रंथालयाची सेवा करत आहात." हात जोडले. बाईंनी हसून मान लववली. "आदरणीय खजिनदार, आपली सतरा वर्षं." पुन्हा हात जोडले. तिसऱ्या मान्यवरांपाशी मागे कुजबुज सुरू झाली. चौथ्यापाशी कोणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं, माझ्या इंग्रजीला हसतायत. मी आवाज चढवला. "आदरणीय सर, आपण बावीस वर्षं..."

"चोवीस," ते आजोबा म्हणाले.

सभागृहात हशा पिकला. दोन वर्षं कमी सांगितली म्हणून मी त्यांची मनापासून माफी मागितली, तर आणखी हसले. सातव्या मान्यवरांपाशी पिवळा दिवा. मी श्वास घेतला, "तर माझा पहिला मुद्दा असा की," आणि लाल.

"तुमची वेळ संपली," कमिशनर म्हणाले.

"त्यांची कधी संपणार?" मागून कोणीतरी विचारलं.

मी जागेवर येऊन बसले तेव्हा कान तापले होते. पाच मुद्द्यांतला एकही बोलले नव्हते. काकूंची जागा मी नमस्कारातच घालवली होती. "सॉरी, काकू," मी पुटपुटले. काकूंनी पदर तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. माझ्या मते त्या रडत होत्या.

मतं पडली. दोन विरुद्ध एक. प्रस्ताव पास.

चोवीस वर्षंवाले आजोबा बाहेर जाताना माझ्यापाशी थांबले. "इतकी झाली हे मलाच ठाऊक नव्हतं," म्हणाले आणि हात मिळवून गेले. त्यानंतर पार्किंगमध्ये, गुडघाभर बर्फात, आम्ही तिघींनी जो नाच केला त्याला कुठलंच नाव नाही. काकूंची चप्पल बर्फात गेली. बर्फात चप्पल का घातली, असं रूममेट विचारत राहिली आणि नाचत राहिली.

उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. ग्रंथालय मंडळावर त्यांची नेमणूक झाली होती. मी इतकी हुरळले की तोंडातून निघून गेलं, "काकू, आता तुम्ही मात्र हलू नका हं. कायम तिथेच राहा."

"दोन टर्म," काकू म्हणाल्या. "तूच बोललीस ना भर सभेत?"

"मी कुठे बोलले? माझी वेळ संपली होती."

"माझीही आठच वर्षं आहेत. ठेव फोन. गाडीचा नकाशा समोर उघडा पडलाय आणि म्हातारे विचारतायत, कुठल्या वारी येणार."