उडाला तो रेग्युलेटर

गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालणारा माझा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड परवा बंद पडला. चूक माझीच. घाईत मी त्याला प्रिंटरचा जास्त व्होल्टचा अडॅप्टर लावला. जळका वास आला आणि हिरवा दिवा विझला. तीन आठवडे खपून लिहिलेला प्रोग्रॅम त्यातच होता. दुसरीकडे कुठेच नव्हता.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या खोतकाकांकडे गेलो. म्हटलं, "काका, बोर्ड उडाला."

त्यांनी मीटर लावून पाहिला, मग कडेचा नखाएवढा काळा तुकडा चिमट्याने दाखवला. "बोर्ड कुठे उडालाय? हा रेग्युलेटर उडालाय. बाहेरची वीज आधी याच्याकडे येते. यानं सगळं अंगावर घेतलं, आत काही जाऊ दिलं नाही."

अंगावर घेतलं, हे ऐकलं आणि मला ताई आठवली. बाबांची चिडकी पावलं जिन्यात वाजली की दार उघडायला तीच पुढे व्हायची. त्यांचा राग तिच्यापाशीच संपायचा, माझ्यापर्यंत नुसता आवाज यायचा. आमचं घर तसं शांत होतं, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलो.

काकांनी नवा तुकडा बसवला. हिरवा दिवा लागला. प्रोग्रॅम जसाच्या तसा होता.

घरी येऊन ताईला फोन केला.

"आज मधेच कसा फोन? काही बिघडलं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "माझं काहीच बिघडलं नाही, ताई. तेच सांगायला केला."